‘तंतोतंत’ मागे घेतो, पण ‘खेळणं’ मान्य नाही

काका, नमस्कार.

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाचं माझं छोटं मॉडेल ‘तंतोतंत’ आहे, असं सांगणारा माझा लेख तुम्ही इतका बारकाईने वाचलात, याचा खरंच आनंद झाला. तुमचे आक्षेप तीन. खऱ्या इंजिनाला चिमणीच्या दोन्ही बाजूंना उभे पत्रे आहेत, माझ्या मॉडेलला नाहीत. समोरून पाहिलं तर चाकं फार जवळजवळ आहेत. आणि एवढे पैसे घालायचे तर आपल्याकडचं इंजिन का नाही. तुमच्या मते हे म्हणजे नुसतं महागडं खेळणं. तुमची उमेदीची वर्षं मीटर गेजच्या लोको शेडमध्ये गेली आहेत, तेव्हा गुळमुळीत उत्तर देणार नाही.

आधी पत्रे. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ अलीकडचा असणार. १९२३ साली डॉनकास्टरच्या कारखान्यातून हे इंजिन बाहेर पडलं तेव्हा पत्रे नव्हतेच. १९५९मध्ये दुहेरी चिमणी बसवली. त्यामुळे वाफेचा फुत्कार मऊ झाला आणि धूर वर न जाता बॉयलरला लगटून ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे येऊ लागला. म्हणून १९६१मध्ये पत्रे लावले. माझं मॉडेल त्याच्या कितीतरी आधीचं आहे, आणि त्याचं वर्ष टेंडर, म्हणजे इंजिनामागची कोळसा-पाण्याची गाडी, सांगते. टेंडरच्या मागच्या अंगाला डब्याला असतो तसा जोडदरवाजा आहे. १ मे १९२८पासून लंडन ते एडिंबरा ही सुमारे ६३० किलोमीटरची धाव न थांबता सुरू झाली. एवढा वेळ ड्रायव्हर-फायरमनच्या एकाच जोडीने इंजिन चालवणं शक्य नव्हतं. मग टेंडरच्या एका कडेने दीड फूट रुंदीचा बोळ काढला. अर्ध्या वाटेत डब्यातली दुसरी जोडी त्यातून वाकून इंजिनावर यायची, पहिली डब्यात परतायची. १९३६मध्ये या इंजिनाचं ते टेंडर गेलं. म्हणजे माझं मॉडेल १९२८ ते १९३६मधलं. १९३४च्या नोव्हेंबरात ताशी १०० मैलांचा वेग नोंदवला, तोही याच काळात. यावर पत्रे असते तर मी ते परत पाठवलं असतं.

चाकांचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. हे मॉडेलचं डबल ओ माप, खऱ्या फुटाला ४ मिलिमीटर. खऱ्या दोन रुळांमधलं १४३५ मिलिमीटरचं अंतर या मापात १८.८३ भरायला हवं. माझं आहे १६.५. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, मॉडेल चालवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटारी मोठ्या, त्या आत मावेनात. म्हणून इंजिन वाढवलं आणि रूळ आधीच्या लहान मापाचाच ठेवला. ती तडजोड आजवर चालू आहे. ‘तंतोतंत’ हा शब्द लेखातून काढला आहे.

पण खेळणं? कंट्रोलर अगदी केसभर उघडा आणि डोळे रुळाच्या पातळीवर आणा. चाकांना जोडणारा साइड रॉड उचलला जातो, पिस्टनच्या दांड्याचा क्रॉसहेड पट्ट्यांमधून सरकतो, वरची लिंक डुलते, सगळं आपापल्या वेळेला. तुम्ही शेडमध्ये जिथे तेलाची झारी न्यायचात, तिथे मी सुईच्या टोकाने थेंब ठेवतो.

आता आपलं इंजिन. ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर. डबल ओमध्ये २२ मिलिमीटर. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १६.५च्या रुळावर ते बसवलं तर तुम्हाला खटकलेली चूक दुपटीहून मोठी होते. मीटर गेजचं गणित मात्र सुरेख जुळतं. १:८७ या, वर म्हटलेल्या लहान मापात त्याचे साडेअकरा मिलिमीटर होतात, आणि १२ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. अर्ध्या मिलिमीटरचा फरक! म्हणून वायपी हे आपलं मीटर गेजचं वाफेचं इंजिन करायला घेतलंय. चाकांची मांडणीही स्कॉट्समनसारखीच, पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन. पुठ्ठ्याचं बॉयलर उभं राहिलंय.

ड्रायव्हरच्या कॅबच्या आत अडलोय. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचा, वाफेचा रेग्युलेटर, बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचे कॉक नेमके कुठे होते, फोटोत सगळं काळोखात जातं. तुमचे हात तिथे रोज फिरलेत. एका कागदावर, जसं आठवेल तसं, रेखाटून पाठवाल का?