गोचीड, पेढे आणि आमची अब्रू

मेहुण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात माझ्या पांढऱ्या कुर्त्याच्या कॉलरवर एक गोचीड निघाला, यात खरे तर बोभाटा होण्याजोगे काही नव्हते. एप्रिल महिना होता, आम्ही सावंतवाडी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, घरात कुत्रा आणि मांजर आहे, शेजाऱ्याच्या गोठ्यात गुरे आहेत आणि गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे काजूची झाडे आहेत. तो गोचीड आधी मला दिसला असता, तर हातरुमालात धरून मी त्याला बाहेर नेले असते आणि कोणालाही न कळता परत येऊन बसलो असतो. दुर्दैवाने तो वराच्या चुलत आजोबांना आधी दिसला.

हे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांना सगळे नाना म्हणतात. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली असली, तरी मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलण्याची त्यांची सवय सुटलेली नाही. भटजी संकल्प सांगत असताना माझ्या पाठीमागून आवाज आला, "हलू नका. तुमच्या मानेजवळ जीव आहे."

संकल्प थांबला. मी हललो नाही, कारण माझ्या मानेजवळ नेमका कोणता जीव आहे याचा खुलासा अजून व्हायचा होता आणि आमच्याकडे तो विंचूही असू शकतो. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून निरीक्षण केले आणि जाहीर केले, "गोचीड! कुणाकडे आगपेटी आहे का?"

"आगपेटी कशाला?" मी विचारले.

"चटका दिल्याखेरीज गोचीड सुटत नाही."

"नाना, तो कापडावर आहे, कातडीवर नाही."

"सुरुवात कापडापासूनच होते," नाना म्हणाले आणि कोणीतरी तत्परतेने पुढे केलेली आगपेटी त्यांनी उघडलीसुद्धा. माझा कुर्ता निम्मा टेरिकॉटचा होता. मी खुर्चीवरून उठलो, तेव्हा मला न हलण्याची दुसरी सूचना मिळाली आणि ती पहिलीपेक्षा कडक होती. शेवटी विड्यातली लवंग काढून त्यांनी तो गोचीड कॉलरवरून उचकटला. एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. परंतु नानांना समोर सत्तर-ऐंशी माणसे रिकामी बसलेली दिसत होती आणि आयुष्यभर वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला ते दृश्य सोसवत नसावे. त्यांनी टेबलावरचा पेढ्यांचा एक बॉक्स घेतला, आतले पेढे शेजारच्या मुलाच्या ओंजळीत ओतले, गोचीड बॉक्समध्ये ठेवला आणि तो बॉक्स घेऊन ते पहिल्या रांगेपासून फिरू लागले.

"पाय मोजा. आठ. म्हणजे हा कीटक नव्हे, कोळ्याच्या कुळातला आहे. अंड्यातून बाहेर येतो तेव्हा मात्र सहाच पाय असतात," असे ते एकेका पाहुण्याला सांगत होते. या साऱ्या प्रकारातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट ही, की त्यांचे प्राणिशास्त्र पक्के होते. मध्येच माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "घरी कुत्रा आहे?"

"आहे."

"घरात येतो?"

"येतो."

"आंघोळ?"

"कोणाची?"

"दोघांची."

वरपक्षाच्या बायका हसल्या. माझी पत्नी हसली नाही. "पलंगावर झोपतो का?" हा पुढचा प्रश्न आला, तेव्हा तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी उत्तर न देता वधूवरांच्या दिशेने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सुदैवाने त्याच सुमारास अंगठ्या घालण्याची वेळ झाली. नानांनी बॉक्स टेबलावर ठेवला आणि ते फोटोसाठी पुढे गेले.

त्या टेबलावर तसेच, त्याच रंगाचे, त्याच दोऱ्याने बांधण्यासाठी मांडून ठेवलेले बरेच बॉक्स होते. फोटो होईपर्यंत मेहुण्याच्या उत्साही पुतण्यांनी ते सगळे भराभर बांधून पिशव्यांत भरले. कोणता बॉक्स कोठे गेला, हे नानांना सांगता येईना. "जो हलका लागेल तो," असे त्यांनी सुचवले आणि मग पैठण्या नेसलेल्या बायका पेढ्यांचे बॉक्स कानाशी नेऊन हलवू लागल्या. तेवढ्यात कोणीतरी हळूच "माकडताप" हा शब्द उच्चारला. त्यानंतर सभागृहात एकही माणूस असा राहिला नाही, ज्याला कोठे ना कोठे खाज सुटलेली नव्हती. भटजीसुद्धा पाठ खाजवत होते.

या ठिकाणी विनोद थोडा बाजूला ठेवायला हवा, कारण तो शब्द आमच्या जिल्ह्यात कोणी गमतीने उच्चारत नाही. कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात 1957 साली माकडे मरू लागली आणि त्यांच्यामागून माणसे तापाने फणफणली, तेव्हा या आजाराचा छडा लागला. 2016 च्या सुमारास तो आमच्या दोडामार्ग तालुक्यात येऊन पोहोचला. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच असल्यामुळे, पालापाचोळ्यात वाकून काजू वेचणाऱ्या बायाबापड्यांना तो गाठतो. बागेत शिरण्यापूर्वी हातापायांना गोचीड दूर ठेवणारे डीएमपी तेल चोळणे, अंगभर कपडे घालणे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुणे आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, हे येथे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. तो ताप प्रामुख्याने पसरवणारा गोचीड जंगलातला, वेगळ्या जातीचा असतो; माझ्या कॉलरवरचा तपकिरी गोचीड कुत्र्यावर वाढणारा होता. हे मी सभागृहात सांगून पाहिले. परंतु ज्याच्या अंगावर गोचीड निघाला, त्याच्याकडून गोचिडांचे वर्गीकरण ऐकून घेण्याची कोणाचीही तयारी नसते.

मला खरा राग आहे तो याचा, की गोचीड निघणे म्हणजे घर गलिच्छ असणे, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. आमच्या घरी रोज संध्याकाळी काय चालते, ते नानांनी विचारले नाही. बंड्याला फिरवून आणले, की पडवीत त्याला आडवे केले जाते. मुलगी बॅटरी धरते, पत्नी कानांच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीच्या मुळाशी तपासते आणि मी चिमटा घेऊन बसतो. गोचीड कातडीलगत तोंडाशी धरून सरळ, सावकाश वर ओढायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. बोटांनी चिरडायचा नाही, रॉकेल लावायचे नाही आणि आगपेटी तर मुळीच ओढायची नाही, कारण डिवचलेला गोचीड आपली लाळ जखमेत सोडण्याचा धोका असतो. हा सोहळा आपल्या सन्मानार्थ आहे, अशी बंड्याची समजूत आहे आणि तो तपासणी संपल्यावरही उठत नाही.

शिवाय दर बारा आठवड्यांनी त्याला एक गोळी द्यावी लागते. त्या गोळीची किंमत प्रथम ऐकली, तेव्हा ती माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या बरोबरच द्यावी काय, असे पत्नीने विचारले होते. बांगड्याच्या तुकड्यात दडवून दिली, तर बंड्या बांगडा खातो आणि गोळी स्वच्छ करून परत देतो. त्यातही मेख अशी, की ते औषध कुत्र्याच्या रक्तात असते आणि गोचीड चावल्यावरच त्याला मारते. जो गोचीड अजून चावलेला नाही, तो बंड्याच्या केसांवर बसून घरात येऊ शकतो, विचार बदलू शकतो आणि खुंटीवरच्या इस्त्रीच्या कुर्त्यावर उतरू शकतो. गोळी कुत्र्याला वाचवते. कुर्त्याला वाचवणारे औषध अद्याप निघालेले नाही.

स्वस्तातले पाठीवर ओतण्याचे औषध का वापरत नाही, असे विचारणाऱ्यांसाठी आमची ठकी नावाची मांजर आहे. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन असते आणि ते मांजरीच्या जिवावर बेतते. ठकी बंड्याच्या पोटाशी झोपते आणि त्याचे कान चाटते. त्यामुळे ते औषध लावायचे, तर दोघांना कित्येक दिवस वेगळे ठेवावे लागणार. तसा प्रयोग करू पाहिला, तेव्हा ठकीने रात्रभर खिडकीच्या गजांशी बसून जो आक्रोश केला, तो ऐकून आम्ही मुकाट्याने गोळीचे पैसे मोजले.

घराचे तर विचारूच नये. हा तपकिरी गोचीड आयुष्याचा फार थोडा काळ कुत्र्यावर काढतो. रक्त पिऊन फुगली, की मादी खाली उतरते, भिंतीची फट गाठते आणि तेथे हजारोंनी अंडी घालते. उपाशी राहण्याची त्याची ताकद पाहून एकादशी करणाऱ्यांनीही हात जोडावेत, कारण पूर्ण वाढलेला गोचीड अन्नावाचून वर्षभराहूनही अधिक काळ तग धरू शकतो. आमचे घर गिलावा न केलेल्या जांभ्या चिऱ्याचे आहे. मुंबईचे पाहुणे त्या चिऱ्यांसमोर उभे राहून फोटो काढतात आणि "किती जिवंत वाटतात नाही या भिंती," असे म्हणतात. ते किती खरे बोलतात, हे मी त्यांना सांगत नाही. फटी सिमेंटने बुजवल्या, बंड्याची गोधडी उकळत्या पाण्यात काढली, देवांच्या तसबिरी उतरवून मागची भिंत झाडली आणि पशुवैद्यांनी सांगितलेले औषध सांगितलेल्या मापाने कानाकोपऱ्यांत फवारले. तंबाखूचे पाणी शिंपडण्याचा सल्ला मात्र मानला नाही, कारण ते चाटून बंड्या आणि ठकी आजारी पडण्याची भीती होती. कोंबड्या गोचीड खातात, असे ऐकून आईने चार कोंबड्या आणवल्या. त्यांनी काही गोचीड खाल्लेही असतील, पण आईची अबोली मुळापासून उकरली, हे सर्वांनी पाहिले.

अंगणातले गवत आखूड ठेवले आहे, पालापाचोळा साचू देत नाही आणि गडग्यालगत हातभर रुंदीची खडीची पट्टी टाकली आहे. गोचिडाला सावली आणि ओल लागते, तापलेल्या खडीवरून जाणे त्याला मानवत नाही. परंतु गडग्यापलीकडचा प्लॉट मुंबईच्या एका गृहस्थांचा आहे आणि तेथे कमरेएवढे रान माजले आहे. गावातली भटकी कुत्री दुपारभर त्या रानात झोपतात. त्यांना ना कोणी गोळी देते, ना कोणी तपासते. संध्याकाळी तीच कुत्री गडगा ओलांडून बंड्याला भेटायला येतात. याविषयी आम्ही अर्ज केला, तेव्हा एक मनुष्य धुराचे यंत्र घेऊन आला आणि आमच्या अंगणात डासांसाठी धूर सोडून गेला. उडणाऱ्या डासांवरचा धूर दगडांच्या फटीत बसलेल्या गोचिडाचे काय करणार, असे विचारल्यावर, "अर्जावर फवारणी असे लिहिले होते," एवढे उत्तर मिळाले आणि आमच्याकडून सही घेतली गेली.

मे महिन्यात ते प्लॉटवाले गृहस्थ आंब्यांसाठी गावी आले. मी गडग्यालगत फवारणी करत असताना ते पलीकडे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या कुत्र्यामुळे आमच्या प्लॉटमध्ये गोचीड झालेत, असं गावात ऐकलं. आता पंप हातात आहेच, तर आमच्या बाजूलाही जरा मारून टाका." मी त्यांना आधी रान काढून घ्यायला सांगितले आणि ग्रासकटरवाल्याचा तासाचा दर सांगितला. दर जास्त आहे, असे त्यांचे मत पडले. पावसाळ्यानंतर बघू, असे म्हणून ते पायरीचे दोन आंबे मागून घेऊन गेले.