हलकं रिव्हॉल्व्हर नवशिक्याच्या हातात देऊ नका

स्वसंरक्षणासाठी शस्त्र घ्यायचं कुणाच्या मनात आलं की एक सल्ला हमखास मिळतो. इतक्या जणांनी तो पुढे पाठवलेला असतो की तपासून पाहायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. सल्ला थोडक्यात असा: ‘पहिलंच शस्त्र असेल, त्यातून बाई असेल किंवा हातात जोर कमी असेल, तर डोळे झाकून पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर घ्या. जितकं हलकं तितकं उत्तम. ते कधी अडकत नाही. सराव लागत नाही, चाप ओढला की झालं. .३५७ मॅग्नमचं घेतलंत तर ताकदही मिळते. खिशात टाका आणि विसरून जा.’

छोटं रिव्हॉल्व्हर समजायला सोपं आहे, हे मान्य. पण समजायला सोपं म्हणजे चालवायला सोपं नव्हे. लहान शस्त्रांमध्ये नेम साधून मारायला इतकं अवघड दुसरं क्वचितच सापडेल. ज्यांना ते सगळ्यात जड जाणार त्यांनाच हा सल्ला दिला जातो, म्हणून त्याचा एकेक मुद्दा घेतो. परवान्याचे आणि शस्त्र लपवून बाळगण्याचे नियम जिथले तिथे वेगळे असतात. ते पाळायचेच, हे गृहीत धरून पुढचं लिहितो आहे.

‘चाप ओढला की झालं’

सगळी अडचण या चापातच आहे. डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये एकाच ओढीत तीन कामं होतात: सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचा गोल भाग, एक घर पुढे फिरतो, घोडा मागे जातो आणि मग सुटतो. यासाठी लागणारा जोर छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये साधारण साडेपाच किलोच्या आसपास असतो. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं लोकप्रिय मॉडेल रिकामं असताना सव्वाचारशे ग्रॅमही भरत नाही. म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या बारा-तेरापट जोर एका बोटाने लावायचा आणि तेवढ्या वेळात नळी तसूभर हलू द्यायची नाही. नळीही जेमतेम पावणेदोन-दोन इंचांची. नेम धरायची पुढची आणि मागची साइट एकमेकींच्या इतक्या जवळ की केसाएवढी चूक लक्ष्यावर पोहोचेपर्यंत वीतभर झालेली असते. नवशिका बोटाऐवजी अख्खा पंजा आवळतो आणि गोळी खाली, एका बाजूला जाते. यात त्याचा दोष नाही. त्याच्या हातात दिलेलं हत्यारच तसं आहे.

‘जितकं हलकं तितकं उत्तम’

दिवसभर अंगावर वागवायला उत्तम, यात वाद नाही. पण काडतूस तेच ठेवून शस्त्राचं वजन निम्मं केलं, तर हाताला बसणाऱ्या दणक्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. हे पदार्थविज्ञान आहे, कुणाच्या सवयीने किंवा धाडसाने ते बदलत नाही. स्मिथ अँड वेसनने १९५० साली आणलेलं चीफ्स स्पेशल पोलादी होतं, साडेपाचशे ग्रॅमच्या आसपासचं. त्याआधी, १९२७ मध्ये आलेलं कोल्टचं सहा गोळ्यांचं डिटेक्टिव्ह स्पेशलही पोलादीच. छोट्या रिव्हॉल्व्हरची ख्याती या वजनदार पिढीने कमावली. ती ख्याती आज तिच्याहून कितीतरी हलक्या शस्त्रांना जशीच्या तशी चिकटवली जाते.

दणक्याची खरी किंमत दुखऱ्या हातापेक्षा मोठी आहे. दुखतं म्हणून माणूस सराव टाळतो, आणि पुढच्या गोळीला शरीर आधीच दचकून तयार होतं.

‘.३५७ घेतलंत तर ताकदही मिळते’

.३५७ मॅग्नम हे जबर काडतूस १९३५ साली आलं ते किलोहून जड, लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरसाठी. त्याची ताकद सावकाश जळणाऱ्या भरपूर दारूतून येते आणि त्या दारूला नळीत जागा लागते. दोन इंचांच्या नळीत त्या दारूचा पूर्ण उपयोग होण्याआधीच गोळी बाहेर पडते. तिला पूर्ण वेग तर मिळत नाहीच, वर तोंडाशी आगीचा लोळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज मात्र पुरेपूर मिळतो. स्कँडियम मिश्रधातू आणि टायटॅनियम वापरलेलं स्मिथ अँड वेसनचं ३४० पीडी मॉडेल सुमारे ३३५ ग्रॅमचं आहे. त्यातून पूर्ण ताकदीची मॅग्नम काडतुसं मारणं अनुभवी माणसालाही नकोसं होतं. पहिल्या गोळीनंतर पकड सुटते, ती पुन्हा जमवेपर्यंत वेळ जातो, आणि मोलाची असते ती दुसरी गोळी.

मग .३८ स्पेशल हे त्याहून मवाळ काडतूस पुरतं का, हा प्रश्न रास्त आहे. आखूड नळीतून सुटलेली पोकळ टोकाची गोळी लागल्यावर पुष्कळदा फुलत नाही, कारण तेवढा वेगच तिला मिळत नाही. कापडाच्या थरांनी टोक बुजलं तर त्याहून कमी. म्हणूनच अनेक जाणकार या शस्त्रांसाठी सपाट टोकाची, १४८ ग्रेन (सुमारे साडेनऊ ग्रॅम) वजनाच्या गोळीची वॅडकटर काडतुसं सुचवतात. ती मुळात कागदी लक्ष्यासाठी बनवलेली, मवाळ, पण सरळ आणि पुरेशी खोल जाणारी. योग्य जागी लागलेली मवाळ गोळी चुकलेल्या जबरदस्त गोळीपेक्षा नक्कीच उपयोगाची. शिवाय चुकलेली गोळी कुठेतरी जाऊन लागतेच, आणि तिथे कोण उभं असेल ते आपल्या हातात नसतं.

‘रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही’

या वाक्याने सर्वाधिक नुकसान केलं आहे. यात खरं एवढंच आहे: एखादं काडतूस फुसकं निघालं तर पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढून ते काढावं लागतं, रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतं. अगदी अंगाला भिडून झटापट चालू असतानाही रिव्हॉल्व्हर चालतं, पिस्तुलाची स्लाइड मात्र मागे ढकलली जाऊन ते बंद पडू शकतं. हे फायदे खरे आहेत आणि मोठे आहेत.

पण रिव्हॉल्व्हर अडकतं. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे दोन-चार कण बसले की सिलिंडर नीट बंद होत नाही किंवा फिरताना घासतो. काडतुसाचा प्रायमर, म्हणजे बुडाशी असलेली ठिणगीची टोपी, थोडा वर राहिला असेल तर तो मागच्या पोलादी भिंतीला घासून सिलिंडर थांबवतो. पुंगळ्या ढकलणारा इजेक्टरचा दांडा सैल होऊन पुढे सरकला तर सिलिंडर उघडतच नाही. आणि सगळ्यात हलक्या शस्त्रांत एक खास दुखणं असतं: दणका इतका जोरकस की सिलिंडरमध्ये वाट पाहणाऱ्या काडतुसांची शिसं पुंगळीतून पुढे सरकतात, सिलिंडरच्या तोंडातून डोकावतात आणि सांगाड्याला अडतात. सल्ल्यातला ‘हलकं’ आणि ‘मॅग्नम’ हा जोड पाळला तर या दुखण्याला आमंत्रणच.

पिस्तूल अडकलं तर शिकलेला माणूस काही सेकंदांत ते मोकळं करतो. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर जाम झाला तर पुष्कळदा हत्यारं घेऊन टेबलाशी बसावं लागतं. तेव्हा चांदणीखाली जुन्या टूथब्रशने साफ करणं आणि नवी काडतुसं भरून सिलिंडर हाताने सावकाश फिरवून पाहणं, याला पर्याय नाही. फिरवताना नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर.

‘सराव लागत नाही’

नेमबाजीच्या रेंजवर करून बघण्यासारखी एक गोष्ट सांगतो. पाच घरांपैकी दोनांत झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या आणि तिनांत जिवंत काडतुसं अशी सरमिसळ भरायची, सिलिंडर न बघता फिरवून बंद करायचा आणि एकेक गोळी मारायची. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडतो तेव्हा नळीकडे बघा. नवशिक्याच्या हातात ती धाडकन खाली जाते, कारण शरीराने दणक्याच्या आधीच धक्का दिलेला असतो. जिवंत गोळीच्या वेळी हे दणक्यात लपून जातं. नळी न हलता घोडा पडायला लागेपर्यंत आठवड्यांचा सराव लागतो, आणि त्यातला बराचसा घरी, डमी काडतुसांवर करता येतो. मात्र जिवंत काडतुसं त्या खोलीत नसावीत.

अंगठा आणि बोटं कुठे ठेवायची हेही शिकावं लागतं. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीतून दर गोळीला तप्त वायू बाजूला फुटतात. पिस्तुलाच्या सवयीने आधाराच्या हाताचं बोट तिथे गेलं तर ते भाजतं, जबर काडतूस असेल तर फाटतंसुद्धा. ‘सराव लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी ही फट नवख्या माणसाला कधी दाखवली आहे का?

‘खिशात टाका आणि विसरा’

नुसतं कधीच नाही. चाप पूर्ण झाकणारं खिशाचं होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, किल्ल्या नाहीत, नाणी नाहीत. कपड्याचा तूस आठवडाभरात सिलिंडरभोवती जमतो, तो पुसावा लागतो. शस्त्र अंगावर नसेल तेव्हा कुलपात. घरात मुलं असोत वा नसोत.

‘बायकांसाठी हेच’

हातात जोर कमी असेल तर साडेपाच किलोचा चाप हे उत्तर कसं असेल? अशा हाताला मध्यम आकाराचं पिस्तूल बहुधा सोपं जातं. रिव्हॉल्व्हरच हवं असेल तर .३२ एच अँड आर मॅग्नम बघावं. १९८४ साली आलेल्या या काडतुसाचा दणका .३८पेक्षा हलका, आणि तेवढ्याच सांगाड्यात सहा बसतात. .२२ची शिफारस होते तिथे एक लक्षात ठेवा: ते रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आपटून पेटणारं काडतूस असतं, ते पेटवायला घोडा जोरात आपटावा लागतो, त्यामुळे छोट्या .२२ रिव्हॉल्व्हरचा चाप अनेकदा आणखी जड असतो.

तरीही छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचंच ठरलं, तर माझं मत असं: पोलादी, साडेपाचशे-साडेसहाशे ग्रॅमचं, घोडा आत झाकलेला म्हणजे कपड्यात अडकणार नाही, मूठ तिन्ही बोटं मावतील एवढी, आणि काडतुसं मवाळ .३८. घेण्याआधी एक हलकं आणि एक पोलादी रेंजवर मागून घ्या आणि दोन्हींतून एकाच दिवशी तेवढ्याच गोळ्या मारा. पाचवी गोळी लक्ष्यावर कुठे लागते आणि सहावीसाठी पुन्हा भरावंसं वाटतं का, हे पाहून ठरवा.