डिस्क गेलेली नाही, फॉरमॅट मारू नका

“ईएक्सटी४ म्हणजे ईएक्सटी४. नव्या मशीनवर बनवलेलं पार्टिशन जुन्यावर माउंट होत नसेल तर सुपरब्लॉक उडालाय. कर्नल बदलून बघा, नाहीतर फॉरमॅट मारा.” हा सल्ला सगळीकडे फिरतोय. (ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत; सुपरब्लॉक म्हणजे तिची मूळ माहिती असलेला भाग; कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा; माउंट म्हणजे पार्टिशन वापरासाठी जोडणं.) तो ऐकून धडधाकट डिस्क पुसल्या जातात, म्हणून लिहितोय.

‘ईएक्सटी४ म्हणजे ईएक्सटी४.’ नाव एक, आतली फीचर्स वेगळी. कोणती चालू ठेवायची ते एमकेएफएस (फाइलसिस्टिम बनवणारं टूल) ठरवतं आणि त्याची डीफॉल्ट यादी वाढत गेलीय. ई२एफएसप्रॉग्ज (एमकेएफएससकट ईएक्सटी४ च्या टूल्सचा संच) १.४३ (२०१६) पासून मेटाडेटाचे चेकसम (फाइलसिस्टिमच्या नोंदी बिघडल्या का ते ताडणारे आकडे) आले. १.४७.० (२०२३) मध्ये आणखी दोन आली: मेटाडेटा-सीसम-सीड, ज्याला कर्नल ४.४ लागतो, आणि ऑर्फन-फाइल, जे कर्नलला ५.१५ पासून कळतं.

‘सुपरब्लॉक उडालाय.’ माउंट कमांड ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असं एका दमात बोलते, घोळ तिथे होतो. डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) उघडा. ४.४ च्या आधीच्या कर्नलवर तिथे ‘अनसपोर्टेड ऑप्शनल फीचर्स (२०००)’ दिसेल. २००० हा मेटाडेटा-सीसम-सीडचा हेक्स आकडा. तो कर्नलला सुपरब्लॉकमधूनच मिळाला, म्हणजे सुपरब्लॉक शाबूत आहे!

‘कर्नल बदला.’ हे अर्धवट आहे आणि सर्वात जास्त फसवतं. उबंटू २२.०४ घ्या. कर्नल ५.१५, त्यामुळे पार्टिशन बिनतक्रार माउंट होतं. पण त्यातलं ई२एफएसके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारं टूल) १.४६.५ चं. ते ‘फीचर सी१२’ म्हणून अडतं आणि नवी आवृत्ती आणायला सांगतं. सी१२ म्हणजे ऑर्फन-फाइल. ते न ओळखणाऱ्या कर्नलला दुर्लक्षून चालतं, पण तपासणाऱ्या टूलला नाही. जे ओळखत नाही ते दुरुस्त कसं करणार? बूट पार्टिशनवर तर कर्नलच्याही आधी ग्रब (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) येतो, आणि मूळ ग्रब २.०६ ला सीड कळत नाही. डेबियन १२ मध्ये ही दोन्ही फीचर्स डीफॉल्टमधून काढली गेली.

‘फॉरमॅट मारा.’ गरज नाही. डिस्क बनवलेल्या नव्या मशीनवर परत लावा, बॅकअप घ्या, अनमाउंट करा आणि ट्यून२एफएसच्या (फीचर्स बदलणारी कमांड) कॅपिटल ओ पर्यायात फीचरच्या नावाआधी ^ लावून ते बंद करा. नवं पार्टिशन बनवताना एमकेएफएसलाही हेच चिन्ह चालतं.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये मात्र ही सोय नाही, हे मान्य करतो. आरएचईएल ८ (रेड हॅटचं लिनक्स) वर बनवलेल्या एक्सएफएसमध्ये रीफ्लिंक (फाइलच्या कॉप्यांनी एकच डेटा वाटून घेण्याचं फीचर) डीफॉल्ट असतं. आरएचईएल ७ ते फक्त रीड-ओन्ली माउंट करतं. रीफ्लिंक नंतर काढता येत नाही. तेव्हा आधी डेटा कॉपी करून घ्या, मग रीफ्लिंक शून्य ठेवून पार्टिशन पुन्हा बनवा. नव्या एक्सएफएसप्रॉग्जसोबत (एक्सएफएसच्या टूल्सचा संच) ४.१९, ५.४, ५.१० अशा एलटीएस (दीर्घकाळ सपोर्टच्या) कर्नलांसाठी तयार कॉन्फिग फाइल्स येतात. ज्या मशीनांवर डिस्क फिरणार, त्यातल्या सर्वात जुन्या कर्नलची फाइल एमकेएफएसला द्या.