लोकवर्गणीच्या कादंबरीचे आभार कसे मानावेत

तुमची कादंबरी लोकांच्या पैशांतून छापून झाली, त्याबद्दल आधी अभिनंदन. ‘हल्ली कादंबऱ्या खपत नाहीत हो’ म्हणून प्रकाशकांनी परत केलेलं बाड तुम्ही क्यूआर कोड चिकटवून गावभर फिरवलंत. शाळासोबती, ऑफिसातले, सोसायटीतले, बायकोच्या भिशीतल्या मैत्रिणी, सगळ्यांनी जमेल तसे पैसे टाकले आणि पुस्तक उभं राहिलं. आता एक किरकोळ काम उरलंय, ते म्हणजे आभार मानायचं. नवखे लेखक नेमके इथेच फसतात. म्हणजे खरोखरच आभार मानून बसतात. तसं होऊ नये म्हणून हे चार शब्द. मी नुकताच अशा एका कादंबरीचा ‘आधारस्तंभ’ झालो होतो (अडीच हजारांना आधारस्तंभ, हजाराला स्नेही, पाचशेला वाचकमित्र, दोनशेवाल्यांना काय म्हणायचं ते लेखकाला सुचलं नव्हतं), त्यामुळे बोल अनुभवाचे आहेत.

सुरुवात व्हॉट्सॲप ग्रुपनं करा. ग्रुपचं नाव ‘आपली कादंबरी’ असं ठेवा आणि सेटिंग ‘फक्त ॲडमिन’ असं. मग रोज काहीतरी टाकत राहा. लिहिण्याचं टेबल, टेबलावरचा चहा, चहाशेजारचं मांजर. मुखपृष्ठाचे दोन नमुने टाकून मतदान घ्या, आणि निकाल काहीही लागो, तिसरंच छापा.

‘पुस्तक कधी येणार?’ असं विचारणाऱ्याला सर्जनाच्या वेणांबद्दल सांगा.

त्यानं तरी भागलं नाही तर टपालखातं आहेच. १८ डिसेंबर २०२४ पासून टपालखात्यानं नोंदणीकृत बुक पोस्ट बंद केलं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. पुस्तकं पाठवायचा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग गेला, त्यात छोटे प्रकाशक आणि विक्रेते खरोखर भरडले गेले. ही त्यांची खरी अडचण तुम्ही उसनी घ्या. तुमची कादंबरी अजून छापखान्यात गेली नसली तरी उशिराचं खापर टपालावरच फोडा. टपालावरून विश्वास उडालेल्यांसाठी कागदावरचा जीएसटी शिल्लक ठेवा. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, पण कागदाला आहे, हे सांगताना सुस्कारा टाकलात की समोरचा आपले अडीच हजार विसरतो आणि उलट तुम्हालाच धीर देतो.

अमेरिकेतल्या ब्रँडन सँडरसनचा कित्ता मात्र चुकूनही गिरवू नका. त्यानं मार्च २०२२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर चार कादंबऱ्यांसाठी पैसे मागितले. १ लाख ८५ हजारांवर लोकांनी मिळून ४ कोटी १७ लाख डॉलर दिले. आणि या अव्यवहारी गृहस्थानं चारही कादंबऱ्या आधीच लिहून ठेवल्या होत्या! २०२३ मध्ये दर तिमाहीला एक अशा सगळ्या पोहोचवूनही टाकल्या. लोकांना वाट बघायला लावायची नाही, तर मग त्यांना आपली आठवण तरी कशी राहणार?

आता नावांची यादी. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांनी छापतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. मजकूर संपला आणि शेवटच्या फर्म्यात तीन-चार पानं कोरी राहिली, तर तीच देणगीदारांची जागा. कोरी पानं नसतील तर टाइप बारीक करा. सगळे चाळिशीच्या पुढचे असतात, भिंगाची सवय असते.

नावं जमवायला वही-बिही ठेवायची नाही. बँकेचं स्टेटमेंट उतरवून घ्या, मोबाईलकडून त्याची देवनागरी करून घ्या आणि तसंच्या तसं अक्षरजुळणीला द्या. माझ्या कादंबरीत (म्हणजे मी पैसे घातलेल्या) हाच आधुनिक मार्ग वापरला होता. मी पैसे बायकोच्या फोनवरून पाठवले होते, म्हणून आधारस्तंभांत ती आहे, मी नाही. तीसुद्धा ‘एमआरएस’ने सुरू होऊन आडनावाच्या दुसऱ्या अक्षरावर तुटलेली. तिच्या वर मोबाईल रिचार्जचं एक दुकान आहे. खाली नुसतंच ‘सेल्फ’. मुद्रितशोधकाच्या नजरेतून हे सुटलं असं नाही, मुद्रितशोधकच नव्हता. ‘आपला सहयोग कुठे जाईल?’ या तक्त्यात त्याची ओळ मात्र होती, आणि समोर आकडाही होता.

यादीच्या तळाशी ‘नजरचुकीने कुणाचे नाव राहून गेले असल्यास क्षमस्व’ ही ओळ हवीच. ती आधी टाइप करून ठेवा, नावं नंतर.

जुन्या मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी छापायची पद्धत होती. कोण, कुठला, हे नीट वाचता येईल अशा टाइपात. बिचाऱ्यांकडे स्टेटमेंट नव्हतं, माणसांना विचारावं लागायचं. तसंच १९७६ च्या ‘मंथन’ चित्रपटाचं. गुजरातच्या पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले आणि श्रेयनामावलीत निर्माते म्हणून चक्क ते शेतकरीच आले. दोन रुपयेवाले! आपल्याकडे दोनशेवाल्यांना नाव सुचत नाही.

अर्पणपत्रिकेत देणगीदार येता कामा नयेत. तिथे आई, किंवा पाऊस.

प्रकाशन समारंभाकडे वळू. हे आभाराचं मुख्य केंद्र, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. व्यासपीठावर सात खुर्च्या मांडा. त्यांवर ज्यांनी एक पैसा दिलेला नाही अशी माणसं बसवा, कारण पैसे दिलेल्या माणसाला सत्काराची गरज नसते, तो आपला आहे. प्रमुख पाहुणे माजी कुणीतरी असावेत. त्यांना शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि पुस्तक. ‘मला अजून कादंबरी वाचायला सवड मिळाली नाही, पण’ इथून त्यांनी सुरू करावं आणि पाऊण तास बोलावं. पुढच्या दोन रांगांवर ‘निमंत्रितांसाठी राखीव’ असे कागद चिकटवा. देणगीदार तिसऱ्या रांगेपासून, खांबामागे. आभार शेवटी, बटाटेवड्यांचा वास सुटल्यावर, ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ या तीन शब्दांत.

दाराशी पुस्तकविक्रीचं टेबल लावायला विसरू नका. किंमत ४५० रुपये, प्रकाशनानिमित्त चाळीस टक्के सवलत, म्हणजे २७०. मी त्या टेबलापाशी गेलो आणि म्हटलं, माझी स्वाक्षरीची प्रत अजून आलेली नाही, इथेच घेऊन जातो, तुमचा टपालखर्चही वाचेल. टेबलामागचा मुलगा फार गोड होता. म्हणाला, ‘काका, तुमची कुरिअरनं येणार ना. या विक्रीच्या आहेत.’ म्हणजे ज्यानं काही महिन्यांपूर्वी अडीच हजार दिले त्यानं वाट बघायची, आणि जो आत्ता एसीत बसायला म्हणून आत शिरला तो २७० रुपयांत पुस्तक घेऊन घरी. छपाईचे पैसे कुणाचे? आमचे. पहिल्या प्रती कुणाला? पाहुण्यांना, पत्रकारांना, आणि रोख देणाऱ्याला. मी लेखकाकडे पाहिलं. तो फोटोत होता.

माझं जाऊ द्या. माझ्याशेजारी एक बाई उभ्या होत्या. साताऱ्याहून एसटीनं आलेल्या, लेखकाला पाचवीत मराठी शिकवलेल्या. निवृत्तिवेतनातून त्यांनी हजार रुपये दिले होते, त्यांना यूपीआय जमत नाही म्हणून भाच्याकडून पाठवले होते. प्रत त्यांनाही मिळाली नव्हती. त्यांनी टेबलावरची एक उचलली, पर्समधून चष्मा काढला आणि शेवटच्या पानांवर बोट ठेवून नावं वाचायला लागल्या. ‘स्नेही’ संपले, ‘वाचकमित्र’ संपले. भाचा सापडला. बाई नव्हत्या. ‘असू दे हो,’ त्या मलाच म्हणाल्या, ‘मुलाचं पुस्तक झालं ना.’ आणि तीनशे रुपये पुढे करून त्यांनी ती प्रत विकत घेतली. विकत! टेबलामागच्या मुलानं सुटे नाहीत म्हणून वरचे तीस रुपये राहू द्यायला सांगितले.

पुढचे मुद्दे भराभर सांगतो, कारण मार्गदर्शनाचा सूर टिकवणं मला जड जायला लागलंय.

समारंभानंतर ग्रुपवर ‘पुस्तकासोबतचा फोटो टाका आणि मला टॅग करा’ असा निरोप टाका, प्रती पोहोचायच्या आधी.

ऑनलाइन पाच तारे मागा. चार देणाऱ्याला खाजगीत फोन करा.

कुणी हिशेब विचारला तर दुखावले जा. ‘साहित्यात पैशाची भाषा आली की वाईट वाटतं’ हे वाक्य छान जमतं. पैसे मागताना तुम्ही किती स्वच्छ भाषा वापरली होती ते कुणाला आठवणार नाही. अक्षरजुळणी इतके, मुखपृष्ठ इतके, छपाई इतकी, टपाल इतकं, सगळं ओळीनं मांडलं होतंत. खर्च झाल्यावर मात्र त्या ओळी कुठे गेल्या?

नाही, आता सरळच बोलतो. अरे बाबांनो, आम्हाला तुमचे आभार नको आहेत. ‘तुमच्याशिवाय हे शक्य नव्हतं’ हे आम्हाला माहीत आहे, पैसे आमच्याच खात्यातून गेले. आम्ही भीक घातली नव्हती आणि तुमचे चाहतेही झालो नव्हतो. न छापलेल्या पुस्तकाची किंमत आगाऊ देऊन जोखीम घेतली होती, जी प्रकाशकानं घ्यायची असते आणि त्यानं घेतली नाही. त्यात काही बुडालं तरी चालेल, एवढी तयारी होती. लंडनची अनबाउंड ही वाचकांकडून आधी पैसे घेऊन पुस्तकं काढणारी संस्था २०२५ मध्ये मोडली, कित्येक लेखकांचे पैसे अडकले. असं होऊ शकतं. कादंबरी वाईट निघू शकते, आणि ही बरीच वाईट आहे, तेही चालेल. पण पुस्तक छापून तयार आहे, गठ्ठे तुमच्या हॉलमध्ये आहेत (ग्रुपवरच्या मांजराच्या फोटोत मागे दिसतात), आणि ज्यांच्या पैशांवर ते छापलं त्यांनाच ते मिळत नाही, याला अडचण म्हणत नाहीत. याला निर्लज्जपणा म्हणतात.

शंभर वर्षांपूर्वी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, लोकांना भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि तेवीस खंड पुरे करून दाखवले. तेवीस! तुमचे आहेत चौदा फर्मे. लोकांच्या पैशांवर पुस्तक काढणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मराठीत ते फार जुनं आहे. लाज वाटायला हवी ती बाईंच्या तीस रुपयांची.

काय करायचं ते सांगतो, उपरोध नाही. देणाऱ्याला फोन करून विचारायचं, नाव कसं छापू? कुणाचं छापू? दाराशी विक्रीचं टेबल मांडायच्या आधी आगाऊ पैसे दिलेल्यांची पाकिटं टपालात टाकायची. आणि एक पान हिशेब: जमले किती, कशावर गेले किती, उरले किती, किती प्रती रवाना झाल्या, कुणाच्या राहिल्या. साध्या कागदावर, हातानं लिहून फोटो टाकला तरी चालेल. जी माणसं सोसायटीच्या गणपतीचा अडीचशे रुपयांच्या झेंडूचा हिशेब फळ्यावर लिहायला लावतात, त्यांच्याकडून तुम्ही लाखभर रुपये घेतलेत आणि त्यांनी तुम्हाला एक प्रश्न विचारला नाही. तुम्ही लेखक आहात म्हणून. त्या विश्वासाचं तुम्ही असं केलंत.

परवा ग्रुपवर दुसऱ्या कादंबरीचा क्यूआर कोड आलाय. सोबत हात जोडलेले तीन. सेटिंग अजून ‘फक्त ॲडमिन’ आहे, म्हणून इथे लिहितोय: आधी पहिलीच्या राहिलेल्या प्रती पाठवा. बाईंची सगळ्यांत आधी, सही करून, आणि त्यात त्यांचे ३०० रुपये घाला.