तीनशे रुपये येणे

मध्यंतरी बँकॉकच्या चायनाटाउनात मी उधारीवर आंबा-भात खाल्ला. उधारी गाडीवालीची नाही, इचलकरंजीच्या एका काकूंची, ते सांगतोच.

विमानतळावर पासपोर्ट दाखवून आठ दिवसांचं प्रीपेड सिम घेतलं. काउंटरवरच्या पोरीने माझं भारतातलं सिम चिकटपट्टीने कागदावर लावून हातात दिलं, ते मी पाकिटात ठेवलं. फोनच्या दुसऱ्या खाचेत मेमरी कार्ड, त्यात मुलीचे बारशापासूनचे फोटो, ते काढायची हिंमत नाही. भाचा म्हणाला होता ईसिम घे, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, पण माझा फोन त्याच्याआधीच्या जमान्यातला. बदलून घेतलेले बाट निम्मे सिमला गेले, निम्मे हॉटेलच्या डिपॉझिटला.

तरी गाडीवर क्यूआर होता ना! म्हणून तर बिनधास्त खाल्लं. १०० बाट. स्कॅन केलं तर तो प्रॉम्प्टपेचा, म्हणजे थायलंडच्या यूपीआयचा, माझ्या यूपीआयने त्याला ओळखच दाखवली नाही. आयफेल टॉवरवर २०२४ पासून यूपीआय चालतं, सिंगापूरशी २०२३ मध्ये जोडलं, भूतानला तर २०२१ पासून आहे. एवढे सगळे सोडून मला भूक लागली ती नेमकी इथे.

मग एटीएम. परदेशी कार्डाला एका वेळचं शुल्क दोनशे बाटच्या वर, म्हणजे शंभराच्या भातासाठी दोनशेच्या वरची फोडणी, तेही सोसलं असतं, पण कार्ड परदेशात चालू करायला ऍप उघडायचं, ऍप उघडायला ओटीपी, आणि ओटीपी येणार पाकिटातल्या त्या कागदावर चिकटलेल्या सिमवर. सुरक्षेसाठी म्हणे. चोर कशाला लुटायला येईल, माझे पैसे मलाच मिळत नाहीत!

सिम काढायला टाचणी शोधत होतो तेवढ्यात मागून आवाज, "मराठी का?" डोक्याला टूरची पिवळी टोपी, अंगावर नऊवारीवर स्वेटर (बँकॉकमध्ये! घामाने मी निथळत होतो), हातात थेपल्यांचा डबा.

"हो काकू."

"तरीच. एवढा वेळ फोनशी भांडणारा आपलाच." बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनांच्या जुडग्यातून एक काढून त्यांनी माझा फोन हिसकावला आणि काटा काढावा तसं सिम काढलं. "आमच्या ह्यांचं पण मीच काढते. ते म्हणतात रेंज येत नाही, मी म्हणते तुम्हाला घरात तरी कुठं येते."

भारतातलं सिम घातलं. रेंज शून्य, कारण रोमिंग चालू करायचं राहिलं होतं, आणि ते चालू करायला नेट हवं, नेटचं सिम आता काकूंच्या तळहातावर थेपल्याच्या तेलात.

"किती द्यायचेत?"

"शंभर बाट."

"या बाटने सगळ्यांची वाट लावलीय," म्हणत त्यांनी कमरेची चंची सोडली, नोट काढली, गाडीवालीला दिली, आणि एवढ्यावर न थांबता तिला माझ्याकडे बोट दाखवून शुद्ध मराठीत सांगितलं, "शिकलेला आहे, पण अडकलाय." ती बाई खो खो हसली. तिला काय कळलं देव जाणे, पण हसली हे मला अजून टोचतंय.

मग खिशातली डायरी. "भाव असेल तो असो, मी तीन धरते. उन्हात उभी राहिले ना." संध्याकाळचे साडेसात वाजले होते, पण ज्याचे पैसे त्याचं ऊन. "तीनशे रुपये येणे" असं लिहून त्यांनी माझी सही घेतली. सही! मुंबईत भाजीवाल्याला "क्यूआर का नाही ठेवत, जमाना कुठे गेला" असं ऐकवणारा मी.

"काकू, घरी पोचलो की लगेच जीपे करतो, नंबर द्या."

"ते जीपे-बीपे मी ठेवत नाही बाबा. फसवतात त्याच्यात. रोख आणून दे."

आता आठवडा झाला परत येऊन. रोज सकाळी फुलांच्या फोटोवर काकूंचं सुप्रभात येतं आणि खाली '३००'. इचलकरंजीला कुणी जाणार असेल तर प्लीज सांगा, नोटा सुट्ट्या काढून ठेवल्यात.