उसन्या ‘कॉन्फिग.एच’वर विम बांधू नये

विद्यार्थ्यांच्या गटांमधून सध्या एक मजकूर फिरतो आहे. विम हा टेक्स्ट एडिटर सोर्स कोडपासून बांधताना (म्हणजे कंपाइल करून चालण्याजोगा प्रोग्राम तयार करताना) आधी चालणारी, यंत्रावर काय काय आहे ते तपासणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट ही नव्वदच्या दशकातली अंधश्रद्धा आहे, पॉझिक्स हे युनिक्स प्रणालींसाठीचे सामाईक प्रमाण आल्यापासून सर्व युनिक्स प्रणाली सारख्याच झाल्या आहेत, त्यामुळे सोबत जोडलेल्या ‘कॉन्फिग.एच’ आणि ‘कॉन्फिग.एमके’ या तयार फाईली ‘ऑटो’ डिरेक्टरीत टाकून त्यांना ‘टच’ करावे (फाईलची वेळ ताजी करावी) आणि थेट ‘मेक’ ही बांधणीची आज्ञा चालवावी, असा त्याचा आशय आहे. टर्मिनल लायब्ररी सापडत नाही अशी तक्रार आलीच तर स्क्रिप्टमधल्या तेवढ्या ओळी खोडाव्यात, सगळे सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, करावे, आणि कॉन्फिगरवर तसाही विश्वास ठेवू नये कारण एक्सझेड या फाईली आवळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या घुसखोरीचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, अशी पुरवणीही आहे. माझ्या भाच्याने हा मजकूर मला पाठवला तो खरे-खोटे विचारण्यासाठी नव्हे, तर त्याबरहुकूम सगळे करून झाल्यावर. ‘मामा, मी फाईल सेव्ह केली की प्रोजेक्टमधल्या बाकीच्यांना ती उघडतच नाही,’ ही तक्रार सोबत होती. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी या तक्रारीबद्दल, कारण मजकुरातला सर्वांत घातक सल्ला तिच्या मुळाशी आहे. ‘कॉन्फिग.एच’ ही कोणी विचारपूर्वक लिहून ठेवलेली सेटिंगची यादी नव्हे. ज्या यंत्रावर कॉन्फिगर चालले, त्या यंत्राने त्या दिवशी दिलेल्या उत्तरांची ती नोंद असते : कोणती हेडर फाईल आहे, कोणते फंक्शन आहे, वेळ साठवणारा ‘टाइम_टी’ किती बाइटचा आहे, एसीएलची (फाईलवर व्यक्तीगणिक परवानग्या देणाऱ्या यादीची) लायब्ररी आहे की नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावावा तसा हा प्रकार आहे. ज्याने ही फाईल वाटली त्याच्या यंत्रावर एसीएलच्या विकासासाठी लागणाऱ्या हेडर फाईली नसाव्यात. निदान फाईलमध्ये ती नोंद ‘नाही’ अशी होती. परिणामी भाच्याच्या विममध्ये एसीएल वाचण्या-लिहिण्याचा भाग कंपाइलच झाला नाही.

आता पुढचे पाहा. विम फाईल साठवताना अनेकदा जुनी फाईल नाव बदलून बाजूला सरकवतो, त्याच नावाची नवी फाईल लिहितो, आणि जुनीचे मोड (मालक, गट व इतर यांच्या परवानग्या) व एसीएल नवीवर चढवतो. एसीएलचा भाग नसेल तर मोड चढतो आणि एसीएल गळून पडते. प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर सहकाऱ्यांना त्या फाईलवर ‘सेटएफएसीएल’ या आज्ञेने दिलेली परवानगी पहिल्या सेव्हलाच नाहीशी झाली. फाईलींची नावे दाखवणाऱ्या ‘एलएस’ आज्ञेच्या यादीत परवानगीची अक्षरे जशीच्या तशी दिसतात, फक्त शेवटचे अधिकचे चिन्ह नसते, आणि ते कोण पाहतो? याहून वाईट शक्यताही यातच आहे. एसीएल असलेल्या फाईलच्या मोडमधली गटाची अक्षरे गटाचा हक्क सांगत नसतात, ती ‘मास्क’, म्हणजे एसीएलमधल्या परवानग्यांची कमाल मर्यादा, दाखवत असतात; एसीएल गळाल्यावर तीच अक्षरे गटाचा हक्क बनतात. म्हणजे ज्यांना परवानगी दिली होती त्यांची जाते आणि ज्या गटाला दिली नव्हती त्याला ती मिळू शकते. हे सारे घडताना कंपायलर एका शब्दाने तक्रार करत नाही. तयार फाईलमध्ये सेलिनक्स या सुरक्षा-यंत्रणेची किंवा लिनक्स कन्सोलवरील माऊससाठीच्या जीपीएमची नोंद ‘आहे’ अशी असती आणि यंत्रावर ती नसती, तर निदान बिल्ड तरी मोडला असता. तो प्रकार त्यामानाने परवडला.

‘टच’ करण्याच्या सूचनेचा मला विशेष राग आहे. विमच्या मेकफाईलला (मेकसाठीच्या सूचनांच्या फाईलला) ‘कॉन्फिग.एमके’ मूळ स्क्रिप्टपेक्षा जुनी दिसली की ती आपणहून कॉन्फिगर पुन्हा चालवते. मजकूर लिहिणाऱ्याला हे माहीत होते, म्हणून तर त्याने फाईलची वेळ बदलायला सांगितले. अज्ञानातून दिलेला सल्ला मी समजू शकतो. सुरक्षेची कडी कुठे आहे हे ओळखून ती काढायला सांगणे ही वेगळी गोष्ट आहे.

पॉझिक्समुळे सगळे सारखे झाले, हे विधान नेमके याच उदाहरणावर कोसळते. पॉझिक्सचे पहिले प्रमाण १९८८ सालचे. एसीएलचा मसुदा मात्र प्रमाण होण्याआधीच मागे घेतला गेला, आणि प्रत्येकाने आपापली वाट धरली. म्हणून विमच्या युनिक्ससाठीच्या सोर्समध्ये पॉझिक्सच्या मसुद्याप्रमाणे चालणारी एसीएल, सोलारिसची, सोलारिसवरच्या झेडएफएस या फाईल-प्रणालीची आणि एआयएक्सची, असे वेगवेगळे मार्ग लिहिलेले आहेत, आणि त्यांतला कोणता घ्यायचा हे कॉन्फिगर ठरवते. माऊसचेही तेच : लिनक्सच्या कन्सोलवर जीपीएम, फ्रीबीएसडीवर सिसमाऊस. पॉझिक्सने पुष्कळ काही एकसारखे केले हे खरे, पण संपादकाला ज्या कोपऱ्यांत शिरावे लागते त्यांतले बरेच त्या प्रमाणाच्या बाहेर आहेत.

यावर कोणाला माझा शब्द पुरेसा वाटत नसेल तर विमच्या सोर्सबरोबर येणारी ‘इन्स्टॉल’ ही फाईल उघडावी आणि तिच्यातला क्रॉस-कंपाइलचा भाग वाचावा. एका यंत्रावर बसून दुसऱ्या प्रणालीसाठी विम बांधताना कॉन्फिगरला आपले छोटे चाचणी-प्रोग्राम चालवून पाहता येत नाहीत, म्हणून त्यांची उत्तरे आपण स्वतः पुरवावी लागतात. अनोळखी टर्मिनलचे नाव दिल्यावर टर्मिनलची माहिती शोधणारे ‘टीगेटएन्ट’ फंक्शन शून्य परत देते की आणखी काही? नावाच्या शेवटी तिरकी रेघ असली तर ‘स्टॅट’ तिच्याकडे दुर्लक्ष करते का? एकमेकांवर चढलेले स्मृतीचे तुकडे ‘मेममूव्ह’ नीट हलवते का? उत्तर दिले नाही तर कॉन्फिगर तिथेच थांबते आणि अमुक मूल्य द्या असे सांगते, अंदाज करत नाही. सगळ्या युनिक्सचे उत्तर एकच असते तर ते विचारण्याची गरजच पडली नसती. एकाच सोर्सवरून अनेक प्रणालींसाठी बांधायचे असेल तर त्याची सोयही तिथेच आहे : ‘मेक शॅडो’ ही आज्ञा सोर्सला दुवे जोडलेली वेगळी डिरेक्टरी तयार करते, म्हणजे प्रत्येक प्रणालीची ‘कॉन्फिग.एच’ स्वतंत्र राहते. मजकुरात या सोयीचा उल्लेखही नाही.

‘पूर्वी लोक ही फाईल हातानेच लिहीत, काही बिघडत नव्हते,’ असेही एक वाक्य मजकुरात आहे. हाताने लिहीत हे खरे. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरच्या १८व्या आवृत्तीपर्यंत नमुन्याची फाईल उतरवून घ्यायची, आणि तिच्यात प्रणालीसाठी एक व यंत्रासाठी एक अशा हेडर फाईलींची नावे घालायची, अशी रीत होती. नवी युनिक्स आली की नवी फाईल, जुनीने रूप बदलले की आणखी एक. या कटकटीला कंटाळूनच लोक नावाऐवजी गुणधर्म तपासण्याकडे वळले. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देणाऱ्या ऑटोकॉन्फचे काम सुरू केले त्यामागचा विचार हाच होता, आणि १९९३ साली आलेल्या ईमॅक्स १९ मध्ये कॉन्फिगर स्क्रिप्ट होती. मजकूर ज्याला सुवर्णकाळ म्हणतो तो ज्यांनी भोगला, त्यांनीच तो मोडीत काढला.

टर्मिनल लायब्ररीच्या ओळी खोडण्याबद्दल फार लिहीत नाही. कॉन्फिगर ‘टीइन्फो’, ‘एनकर्सेस’, ‘टर्मलिब’, ‘टर्मकॅप’, ‘कर्सेस’ अशी एकामागून एक नावे तपासते आणि काहीच मिळाले नाही तर कोणते पॅकेज हवे तेही त्या संदेशातच लिहिते. डेबियनवर ‘लिबएनकर्सेस-डेव्ह’, फेडोरावर ‘एनकर्सेस-डेव्हेल’ बसवले की प्रश्न मिटतो. ओळी खोडल्याने लायब्ररी येत नाही, तीच अडचण लिंक करताना पुन्हा उभी राहते. सुडोचे म्हणाल तर कॉन्फिगर आणि मेक यांना त्याची गरज नाही. त्याने फाईली रूटच्या नावावर होतात आणि पुढच्या खेपेला आपल्यालाच त्या बदलता येत नाहीत. प्रोग्राम कुठे बसवायचा ते सांगणारा ‘प्रीफिक्स’ आपल्या होम डिरेक्टरीवर ठेवला तर इन्स्टॉललाही सुडो लागत नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. कॉन्फिगरमधल्या काही चाचण्या आजच्या लिनक्सवर खरोखरच निरुपयोगी आहेत, आणि ही स्क्रिप्ट संथ व वाचायला किचकट आहे. २०१४ साली विमपासून वेगळ्या झालेल्या निओव्हिमने ऑटोकॉन्फ सोडून सीमेक हे दुसरे बिल्ड-साधन घेतले, तेही समजण्यासारखे आहे. पण निओव्हिमसुद्धा बिल्डच्या वेळी फंक्शने आणि हेडर तपासतेच; तपासणारे हत्यार बदलले, तपासणी नाही.

दुसरी गोष्ट एक्सझेडची. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या त्या प्रकरणात ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये (वाटपासाठीच्या सोर्सच्या गठ्ठ्यात) कॉन्फिगर ज्यातून तयार होते अशी एक बदललेली एमफोर फाईल होती, ती गिटमधल्या सोर्समध्ये नव्हती, आणि कॉन्फिगर चालताना तिच्यामार्फत घातक भाग बिल्डमध्ये शिरत होता. त्यामुळे कोणी वाचत नाही अशा स्क्रिप्टबद्दल संशय घेणे गैर नाही. परंतु त्यावर उपाय म्हणून अनोळखी माणसाने गटात टाकलेली ‘कॉन्फिग.एच’ स्वीकारायची, हे तर्कशास्त्र मला झेपत नाही. विमच्या गिट भांडारात तयार कॉन्फिगर आणि ती ज्यातून निर्माण होते ती ‘कॉन्फिगर.एसी’ या दोन्ही फाईली शेजारीशेजारी आहेत. ज्याला शंका असेल त्याने ‘सोर्स’ डिरेक्टरीत ‘मेक ऑटोकॉन्फ’ चालवून स्क्रिप्ट स्वतः नव्याने तयार करावी. मग कॉन्फिगरला ‘फेल-इफ-मिसिंग’चा पर्याय द्यावा, म्हणजे मागितलेला इंटरफेस सापडला नाही तर ती गुपचूप पुढे न जाता थांबेल, आणि एसीएल सापडली की नाही हे ‘ऑटो’मधल्या ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये पाहून घ्यावे.