दोन इंचांचा बर्फ

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. घरातले चारही नळ बारीक धारेवर सोडलेत. सिंकखालच्या कपाटांची दारं सताड उघडी आहेत, म्हणजे खोलीतली ऊब आतल्या पाइपांना लागेल. बाहेरच्या दोन नळांना जुने टॉवेल गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी बांधलीये. उद्या पहाटे इथे ऑस्टिनमध्ये पारा उणे सहावर जायचा अंदाज आहे, जमलंच तर वरून थोडा बर्फ.

हा सगळा थाट मी फॅमिली ग्रुपवर फोटोसकट टाकला आणि टोरोंटोहून मावसभावाचं उत्तर आलं, "अगं, दोन इंचांसाठी एवढी लगीनघाई? एवढ्यात आम्ही टी-शर्टवर कचरा टाकून येतो." खाली हसून लोळणाऱ्या चार इमोजी.

दादाला लगेच उत्तर दिलं नाही. एक तर तो मोठा आहे. दुसरं म्हणजे हे वाक्य मूळचं माझं आहे.

टेक्सासला यायच्या आधी मी सात हिवाळे मिनिआपोलिसमध्ये काढलेत. उणे पंचविसात बसस्टॉपवर उभी राहिलेय, पापण्यांवर बर्फ धरेपर्यंत. त्यामुळे २०२१च्या फेब्रुवारीत इथले लोक दुकानांतले ब्रेड-दुधाचे रॅक रिकामे करायला लागले तेव्हा मला मनापासून हसू आलं. शेजारी सत्तरीतले एक आजोबा राहतात, जन्मापासून टेक्सासचेच. ते कुंपणापाशी येऊन म्हणाले, पाणी भरून ठेवलंस का? मी म्हटलं, काळजी करू नका, मी मिनेसोटाहून आलेय. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "तू असशील मिनेसोटाची. तुझं घर टेक्सासचं आहे."

मी तेही हसण्यावारी नेलं.

रविवारी १४ तारखेला रात्री बर्फ सुरू झाला. सकाळी सहा इंचांच्या वर साचला होता, मुलं वेडीपिशी झालेली. पण त्याआधीच, पहाटे दोनच्या सुमारास, हीटरची घरघर थांबली होती. मला जाग आली ती त्या शांततेनं. वाटलं, वीज येईल तासाभरात. ती आली अठ्ठावन्न तासांनी. मंगळवारी संध्याकाळी दिवाणखान्यात सहा डिग्री होते आणि आम्ही चौघं एका गादीवर, अंगावर घरातलं मिळेल ते. स्वयंपाकाची शेगडी विजेची, त्यामुळे चहासुद्धा आजोबांच्या गॅसवर. बुधवारी पाणीही गेलं. जे काही ठिबकत होतं ते उकळून घ्या, असा शहराचा निरोप आला. कशावर उकळायचं, ते ज्याचं त्यानं बघायचं.

संडासात ओतायला आम्ही अंगणातला बर्फ बादल्यांनी आत आणला. तेव्हा कळलं की बादलीभर भुसभुशीत बर्फ वितळला की तळाला जेमतेम तांब्या-दोन तांबे पाणी उरतं. सात वर्षं बर्फात राहून हे मला माहीत नव्हतं, कारण तिथे कधी गरजच पडली नव्हती.

मग आजोबांचं वाक्य डोक्यात फिरायला लागलं. मिनिआपोलिसच्या आमच्या घराला तळघर होतं, खिडक्यांना दुहेरी काचा होत्या, पाण्याची लाइन जमिनीत इतकी खोल की तिथवर गोठण पोचतच नाही. इथलं घर सिमेंटच्या लादीवर थेट उभं आहे आणि पाण्याचे पाइप माळ्यावरून, बाहेरच्या भिंतीला लगटून फिरवलेत. जुलैत गार पाण्याच्या नळाला आंघोळीचं पाणी येतं, ते याच कृपेनं. हे घर उष्णतेशी लढायला बांधलंय, आणि चांगलं लढतं. त्याला थंडीशी लढ म्हणणं म्हणजे छत्रीवाल्याकडे स्वेटर मागणं.

शुक्रवारी ऊन पडलं, सगळे हुश्श म्हणाले आणि नेमकं तेव्हा पॅसेजच्या छतातून पाणी धो धो आलं. पाइप फुटतो गोठताना आणि कळतं वितळताना, कारण तोवर भेगेला बर्फाचंच बूच असतं. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं, हे शाळेत शिकलोय. पण पाइप बरेचदा बर्फाच्या जागी फुटतच नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये जे पाणी अडकतं त्याचा दाब वाढत जातो आणि मधली कच्ची जागा जाते. नळ ठिबकता ठेवायचा तो मुख्यतः या दाबाला वाट द्यायला. मी पहिल्याच रात्री नळ गच्च आवळले होते, पाणी वाया नको म्हणून.

त्या दिवशी आजोबा टी-आकाराची लांब लोखंडी किल्ली घेऊन धावत आले, रस्त्याकडेच्या मीटरच्या खड्ड्यातलं झाकण उचललं आणि मेन व्हॉल्व बंद केला. अडीच वर्षं त्या झाकणावरून मी चालत होते. प्लंबर मिळायला पुढे तीन आठवडे लागले, कारण निम्म्या राज्याला तोच हवा होता.

आणखी एक सांगते, जे घरी आईला अजून सांगितलेलं नाही. मंगळवारी दुपारी फोन चार्ज करायला मी गॅरेजमध्ये गाडी सुरू करून बसले होते. गॅरेजचं शटर बंद, कारण वारा आत येत होता. आजोबांनी बाहेरून ते अक्षरशः बडवलं. उघडल्यावर आधी त्यांनी मला हाताला धरून बाहेर काढलं, मग ओरडले. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये कार्बन मोनॉक्साइडनं माणसं मेली: कोणी गाडी अशीच बंद गॅरेजात लावलेली, कोणी कोळशाची शेगडी घरात आणलेली. राज्याच्या हिशेबात त्या वादळाचे मृत्यू २४६ आहेत, त्यातले बहुतेक गारठून. अमेरिकेतल्या श्रीमंत राज्यात माणसं स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर गारठून गेली. हे वाक्य मी पाच-सहा वेळा लिहून खोडलं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ते लिहिता येत नाही.

वीज का गेली, यावर तेव्हा दोन दिवसांत राजकारण सुरू झालं आणि पवनचक्क्या गोठल्या म्हणून वीज गेली असं टीव्हीवर छातीठोकपणे सांगितलं गेलं. पवनचक्क्या गोठल्याच. पण त्याच मिनेसोटात उणे वीस-पंचविसात फिरतात, कारण तिथे त्यांना थंडीचं सामान लावलेलं असतं. इथे सगळंच गोठलं. सर्वांत मोठी तूट नैसर्गिक गॅसवरच्या वीजकेंद्रांची होती. ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला असलेल्या अणुप्रकल्पातली एक भट्टी पाण्याचा दाब मोजणारी एक बारीक नळी गोठली म्हणून बंद पडली. म्हणजे माझ्या घरात जे झालं तेच तिथे झालं, फक्त आकडा मोठा. त्यात भर म्हणजे वीज वाचवायला जिथला पुरवठा तोडला, त्यात गॅस पुढे ढकलणारी काही यंत्रंही होती. गॅस थांबला, वीज आणखी घटली. राज्याचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकी देशापासून जवळजवळ वेगळं ठेवलेलं, त्यामुळे बाहेरून येऊन येऊन किती येणार? पश्चिमेच्या ग्रिडला जोडलेलं एल पासो हे टेक्सासमधलंच शहर, पण तिथले दिवे जवळपास सगळे चालू राहिले.

ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं, ६०च्या आसपास राहावी लागते; मागणीला वीज पुरेनाशी झाली की ती घसरते. १५ तारखेच्या पहाटे ती ५९.४च्या खाली गेली. तशी नऊ मिनिटं राहिली असती तर उरलीसुरली केंद्रंही आपोआप बंद पडली असती आणि मग सगळं राज्य पुन्हा उभं करायला आठवडे लागले असते. ती ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. त्या वेळी मी गादीवर पडून हीटर सुरू व्हायची वाट पाहत होते.

इथल्या मित्रमैत्रिणींना "आळीपाळीनं वीज जाणार" ही कल्पनाच नवी होती. लोडशेडिंग हा शब्द मी त्यांना शिकवला. आपल्याला निदान वेळापत्रक तरी असायचं, सकाळी चार तास, संध्याकाळी तीन. इथे आळी कधी पाळीवर आलीच नाही. इस्पितळं वगैरे ज्या लाइनींवर आहेत त्या तोडता येत नव्हत्या, आणि उरलेल्या सगळ्या आधीच तोडलेल्या. मग आमची वस्ती अंधारात आणि शहराच्या मध्यभागी रिकाम्या ऑफिसांच्या इमारती झगमगत उभ्या. माळ्याच्या खिडकीतून ती रोषणाई दिसायची. राग यायचा, खोटं कशाला बोलू.

"असं इथे कधी होत नाही" हे वाक्य त्या आठवड्यात फार ऐकलं. डिसेंबर १९८९मध्ये झालं होतं. फेब्रुवारी २०११मध्येही झालं होतं, तेव्हाही वीज तोडावी लागली आणि वीजकेंद्रांना थंडीपासून वाचवायचे उपाय अहवालात लिहून दिले गेले. ते करणं ऐच्छिक ठेवलं. सक्तीचा कायदा २०२१च्या उन्हाळ्यात आला. दहा-वीस वर्षांनी एकदा येणाऱ्या गोष्टीवर दरवर्षी खर्च कोण करणार, हा प्रश्न मला समजतो. घर घेताना मीही माळ्यावर चढून पाइप पाहिले नव्हते, स्वयंपाकघरातला ओटा पाहिला होता. पण ग्रिड चालवणाऱ्यांनी ओटा पाहून कसं चालेल?

आता दादाच्या दोन इंचांकडे येते.

आपल्या मराठीची इथे एक पंचाईत आहे. वरून पडतो तोही बर्फ आणि ट्रेमध्ये जमतो तोही बर्फ. हिम म्हणावं तर हिमालयाशिवाय तो शब्द बोलण्यात येत नाही. आणि उबदार प्रदेशाचा खरा वैरी पहिला बर्फ नाही, दुसरा आहे. उत्तरेकडून गोठलेली हवा सपाट मैदानांवरून अडथळ्याविना खाली येते आणि जमिनीलगत पातळ थर करून बसते. वरून मेक्सिकोच्या आखाताची दमट, उबदार हवा चढते. मग पाऊस पडतो पाण्याचाच, पण टेकतो तिथे त्याची काच होते. रस्ता ओला दिसतो, असतो मात्र आरसा. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. ११ फेब्रुवारी २०२१ला पहाटे फोर्ट वर्थमध्ये अशाच एका उंच रस्त्यावर १३०हून जास्त गाड्या एकमेकींवर चढल्या आणि सहा जण गेले. तेव्हा इंचात मोजायला काही नव्हतंच. त्या आरशावर मिनेसोटाचा ड्रायव्हरही घसरतो. फरक इतकाच की तिथे रात्रीतच मिठाचे ट्रक फिरून गेलेले असतात.

आणि झाडं. २०२३च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऑस्टिनवर असाच पाऊस गोठला. इथले लाइव्ह ओक हिवाळ्यात पानं गाळत नाहीत. उत्तरेतली झाडं कशी, ऑक्टोबरातच कपडे उतरवून तयार. इथल्या प्रत्येक पानावर काचेचा थर चढला आणि रात्रभर फांद्या मोडत होत्या. आधी बंदुकीसारखा आवाज, मग काच सांडल्याची सळसळ, मग ट्रान्सफॉर्मरचा निळा उजेड. लाखाहून जास्त घरांची वीज गेली. या वेळी ग्रिड ठणठणीत होतं. नव्हती ती झाडाला सवय.

२०२१मध्ये दक्षिणेला किनाऱ्यावर हजारो समुद्री कासवं गारठून तरंगत आली होती. लोकांनी ती गाड्यांच्या डिकीत घालून नेली आणि साउथ पाद्रे बेटावरच्या सभागृहात ओळीनं ठेवली. त्या फोटोवर मात्र कुठल्याही उत्तरेकडच्यानं "एवढ्याशा थंडीत?" असं लिहिलेलं मी पाहिलं नाही. कासवाला एवढ्याशा थंडीत काय होतं हे सगळ्यांना लगेच समजतं.

आता आमच्या आजोबांचंही सांगायला हवं, नाहीतर ते फारच संत वाटतील. त्याच वर्षी जूनच्या शेवटी कॅनडाच्या पश्चिम टोकाला उष्णतेची लाट आली. लिटन नावाच्या गावात ४९.६ डिग्री, आणि ब्रिटिश कोलंबियात ६१९ माणसं गेली, बहुतेक घरातच, एसी नसलेल्या घरांत. सुरुवातीच्या दिवसांत, पारा चाळिशीला टेकला होता तेव्हा, आजोबा बातम्या बघत म्हणाले, "चाळीस? आमच्याकडे त्याला मंगळवार म्हणतात." मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "त्यांची घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली असतील, नाही का?"

हे लिहिता लिहिता मी ग्रुपवर दादाला एकच ओळ टाकली: "दादा, डिसेंबर २०१३."

तेव्हा टोरोंटोत ऐन नाताळाच्या तोंडावर पाऊस गोठला होता. तीन लाखांच्या आसपास घरं-दुकानं अंधारात होती, कित्येक ठिकाणी आठवडाभर. दादा आणि वहिनी सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन मित्राच्या बेसमेंटमध्ये राहिले होते, आणि मावशी इथून तिथून सगळ्यांना फोन करत होती.

बराच वेळ "टायपिंग" दिसत राहिलं. मग आलं, "तो बर्फ वेगळा होता गं."

मी अंगठा टाकलाय. खाली त्यानं आता विचारलंय, सिंकखालची दारं उघडी ठेवायचं कारण काय.